हिरवा गोल होता, बाण नव्हता

सुखदेव, तुझ्यावर चार शब्द लिहा म्हणून सुजातानं मला वही आणून दिली. परवा तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात ते मलाच वाचायचे आहेत. गावात तीन मास्तर आहेत, एक वकील आहे, तुझ्यासंगं नोकरी केलेले कंडक्टर आर्णीहून येणार आहेत. तरी तुझ्या पोरीला मीच दिसलो, चौथीत शाळा सोडलेला. तुम्ही सगळ्यात जवळचे, म्हणाली. ते खरं आहे. एका मोटारसायकलवर दोन बुढे बसले की जवळच बसावं लागते.

बाकीचे काय बोलतील ते मला आताच माहीत आहे. सुखदेवभाऊ शांत होते. सुखदेवभाऊनं कधी कोणाचं मन दुखवलं नाही. तू शांत नव्हता. मागच्या सीटवर बसून माझ्या मानेवर श्वास सोडत हुकूम देणारा माणूस होता तू. गियर उतरव, पट्ट्याच्या मागं घे, हात दाखव, आरशात पाह्य. एकतीस वर्षं एसटी चालवली आणि एक कुत्रं मारलं नाही, त्या एका गोष्टीवर तू उरलेलं आयुष्य आम्हाला छळलं. आणि मन दुखवायचं म्हणशील तर माझं दुखवलं. ते मी पुढं लिहितो. मेलेल्या माणसाबद्दल गोड बोलायची चाल आहे, पण ती मला जमत नाही आणि तुलाही जमत नव्हती.

मी तांड्यावरचा, तू गावातला, मध्ये एक नाला. आमचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख तुडवत. लदेणी म्हणत त्याला. आजा सांगायचा, लदेणी चालली की समोरून कोणीही येवो, रिकामा असला तर त्यानं बाजूला व्हायचं. पुढं बैलांच्या पाठीवरचा माल गाडीत आला, पण कायदा तोच राहिला. पांदणीत, शेतामधल्या अरुंद वाटेत, कापसाची भरली गाडी आणि रिकामी गाडी समोरासमोर आली तर रिकाम्यानं बैल कडेला घ्यायचे. भरल्या गाडीचे बैल चढावर एकदा थांबले की पुन्हा उचलत नाहीत, हे ज्यानं कासरा धरला त्याला सांगावं लागत नाही. मी जन्मभर हा कायदा पाळला. रिकामा असलो तेव्हा दुसऱ्याला वाट दिली, भरला असलो तेव्हा घेतली. मग यवतमाळच्या चौकात खांबावर दिवे लागले आणि तू मला सांगायला लागला की भरलं-रिकामं असं काही नसतेच.

लायसन काढ म्हणून तू दोन वर्षं माझ्या मागं लागला. एवढा कायदेवाला माणूस, आणि बिनलायसनच्या माणसामागं बसून आर्णीला जायचा, यवतमाळला जायचा. बसताना दर वेळी म्हणायचा की आपण हे चुकीचं करून राह्यलो. आणि बसायचा. तुझी एसटी आपल्या फाट्यावर कधी थांबायची, कधी नाही. तुला माझी गरज होती आणि तुला ती आवडत नव्हती.

शेवटी तू मला तुझ्या ओट्यावर शिकवायला बसवलं. खडूनं चौक काढला. कपाशीची बोंडं म्हणजे गाड्या. लाल असला की पांढऱ्या पट्ट्याच्या मागं थांबायचं, पट्ट्यावर चाक ठेवायचं नाही, ती पायी चालणाऱ्याची जागा. डावीकडे वळायचं असलं तरी लालवर थांबायचं. मी म्हणालो, डावी तर खुली असते, सगळेच जातात. तू म्हणाला, खुली असल्याची पाटी असली तरच खुली, नाहीतर डावा बाण हिरवा होईपर्यंत उभं राहायचं. मग तू एक बोंड मध्ये ठेवलं आणि उजवीकडे वळायचं सांगायला घेतलं.

"हिरवा दोन तऱ्हेचा रायते, थावऱ्या. बाण असला तं वाट तुही. नुसता गोल असला तं वाट समोरच्याची. चौकाच्या मंधात जाऊन उभा राय, सरळ येणारे जाऊ दे, मंग वळ."

"अन् माह्याजवळ दोन पोते असले तं?"

"दोन पोते असो का तुही बुढी असो, थांबाचं म्हणजे थांबाचं."

माझ्या बायकोनं ते नाल्यापलीकडून ऐकलं असतं तर तुझं काय झालं असतं ते तुलाच माहीत. मी हसलो. पण मला ते पटलं नव्हतं. आजही पुरतं पटलेलं नाही. समजलं आहे, पटलं नाही.

परीक्षा कॉम्प्युटरवर होती. तू बाहेर बाकावर बसला. मी वाचतो, पण एकेक अक्षर जोडून वाचतो, आणि ते मशीन थांबत नाही. एका चित्रात चौक होता, हिरवा गोल दिवा होता. ट्रक उजवीकडे वळणारा, समोरून छोटी कार सरळ येणारी. आधी कोण जाईल, असा प्रश्न. मी चित्राला डोळे लावून पाहत बसलो की ट्रकात माल आहे का. दिसत नव्हता. पण ट्रक आहे म्हणजे माल असणार, म्हणून ट्रकावर बोट ठेवलं. चूक. त्यात एवढा वेळ गेला की पुढचे प्रश्न आपोआप निघून गेले. नापास.

हे मी तुला परतीच्या वाटेवर सांगितलं. तुला सांगितलं, सुखदेव, गावाला नाही. आणि तू फाट्यावर चहाच्या टपरीपाशी उतरला, काठी टेकून उभा राहिला आणि दहा-बारा माणसांत बोलला, "मशीननं याले इचारलं आंधी कोण जाईन, तं हा मशीनलेच इचारून राह्यला, ट्रकात माल काय हाये." लोक चहा सांडेपर्यंत हसले. तूही डोळे पुसले हसून हसून. त्या दिवसापासून मी गावात थावरू राहिलो नाही. भरली गाडी झालो. भरली गाडी आली, बाजूला व्हा. सत्तरीच्या माणसाला. तुझ्या मयतीलाही मी तिरडीपाशी गेलो तर मागून कोणीतरी हळूच म्हणालं, भरल्या गाडीला वाट द्या रे. तू असता तर तूही हसला असता.

त्यानंतर तुझे डोळे आणखी गेले. दोन्हीत मोतीबिंदू, आणि रक्तात साखर जास्त म्हणून डॉक्टर ऑपरेशन पुढं ढकलत होते. समोर माणूस उभा आहे एवढं तुला कळायचं, कोण ते आवाजावरून. दिव्यांचा रंग तुला दिसेनासा झाला. नुसता उजेड, म्हणायचा. चौक आला की मागून विचारायचा, कोणता लागला. मी सांगायचो. मग तू सांगायचा, काय करायचं.

तेव्हा मी तुझ्याशी खोटं बोलायला लागलो.

पहिल्या वेळी डावीकडे वळायचं होतं. लाल होता. मी म्हणालो, हिरवा, डावा बाण. आणि वळलो. तू माझ्या खांद्यावर थाप मारली. शाबास, म्हणाला, आता शिकला. सुखदेव, माझ्या पोराच्या लग्नात मला एवढा आनंद झाला नव्हता. सगळ्या गावाला शिकवणारा डायवर माझ्या मागं बसून लालवरून जात होता आणि मलाच शाबास म्हणत होता. फाट्यावरच्या त्या हसण्याचं मी असं थोडं-थोडं उसनं फेडत होतो, आणि तुला पत्ताच नव्हता. वर्षभर मी तुला असं फिरवलं. लालला हिरवा म्हणालो, गोलाला बाण म्हणालो. दर वेळी नाही. मला वाटलं तेव्हा. तू विश्वासानं उजवा हात बाहेर काढायचा, वळायची खूण करायला, आणि मला मागून तो हात हवेत आहे एवढं जाणवायचं. तुझी मला दया आली नाही. आली असं लिहिलं तर सुजाताला बरं वाटेल, पण आली नाही.

मग तो दिवस. डोळ्यांच्या डॉक्टरनं तुला तारीख दिली होती. साखर उतरली आहे, पुढच्या सोमवारी पहिला डोळा करू. तू दवाखान्याच्या पायऱ्यांवर इतका खूश होता की माझ्या बायकोला बांगड्या घ्यायचं म्हणत होता, म्हणे तिचं तोंड पुन्हा एकदा नीट पाहायचं आहे, एवढी बडबड करते ती आता दिसते तरी कशी. माझ्या टाकीवर तुरीचं पोतं होतं, दालमिलवर डाळ करून घ्यायची होती. दालमिल चौकातून उजवीकडे.

हिरवा लागला. गोल.

"बाण हाये का गोल?" तू विचारलं.

"बाण."

"समोरून आटोचा आवाज येऊन राह्यला, थावऱ्या."

"बाजूचा हाये. बस चूप."

तो समोरचाच होता. मी त्याला पाहत होतो. रिकामा होता. मागची सीट रिकामी आहे हे मला ओळखू आलं, म्हणजे किती जवळ होता ते बघ. माझ्यापुढं पोतं होतं, मागं तू होता. मी भरला होतो. माझ्या मनात एवढंच आलं की थांबेल तो, त्यानंच थांबायला पाहिजे. आणि मी वळलो.

त्यानं ब्रेक दाबला होता बिचाऱ्यानं. मागच्या चाकाला धक्का बसला, एवढंच. मोटारसायकल आडवी झाली, पोतं फुटलं, चौकभर तूर सांडली. माझं कोपर सोललं. तू डाव्या अंगावर पडला आणि तुझा खुबा मोडला. लोकांनी तुला उचललं तेव्हा तू ओरडला नाही. आटोवाला रडत होता, बाबाजी माझी चूक नाही, म्हणत होता. त्याची नव्हतीच. त्याच्याच आटोत घालून आपण सरकारी दवाखान्यात गेलो.

सुजाता अंगणवाडीतून तशीच आली, चप्पल एका पायात तुटलेली. कसं झालं, विचारलं तिनं. माझ्याकडं पाहून विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तू स्ट्रेचरवरून बोलला.

"माह्यानंच चुकलं, बाई. म्याच म्हणलो याले, बाण लागला, वळ."

मी उभा होतो. मला बोलता आलं असतं. कोपराला कापूस धरून उभा होतो आणि गप्प राहिलो. कोणी सांगितलं होतं तुला माझ्यावर उपकार करायला? मी मागितला होता का? एकतीस वर्षांत चूक न केलेला माणूस, आणि एका वाक्यात स्वतःची सगळी नोकरी तू माझ्यावरून ओवाळून टाकली. त्याचा मला राग आला होता. अजून आहे.

डॉक्टर म्हणाले, साखर आणि छाती पाहता खुब्याचं ऑपरेशन झेपणार नाही. खुबा राहिला, मग डोळ्याची तारीखही राहिली. तुला खाटेवर आणून टाकलं. पाच महिने. मी रोज यायचो, सकाळी नाला ओलांडून, तुझ्या पायाशी बसायचो, सुजाताच्या हातचा चहा प्यायचो. ती एकटी बाई, सकाळी अंगणवाडी, मग तुझं हगणं-मुतणं, तुझी औषधं, तुझं पथ्य. थकून जायची आणि तुला बोलायची. डोळ्यानं दिसत नाई तं कायले सांगता लोकांना वळ म्हणून. नोकरी सुटली तरी डायवरी सुटत नाई तुमची. तुमच्या हुकमापायी तुमचं वाटोळं अन् माहंही. मग माझ्याकडं वळून म्हणायची, सांगा न काका, खोटं बोलून राह्यली का मी.

आणि मी मान हलवायचो. नाही बाई, खरं आहे तुझं.

फाट्यावरही तेच. आंधळा डायवर बुढ्याला घेऊन पडला, म्हणायचे. आता हसणं तुझ्यावर होतं. मी त्यात हसलो सुखदेव. पहिले काही दिवस मनापासून हसलो. मग नुसतं तोंड उघडायचो.

तू खाटेवर पडून सगळं ऐकायचा. आणि सुजाता बाहेर गेली की मला एकच विचारायचा. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला वाटलं, सहज असेल. बाण होता का गोल? मी म्हणालो, बाण. आठ दिवसांनी पुन्हा विचारलं. बाण. मग महिन्यातून दोन-तीनदा. कधी रागानं नाही, कधी आवाज चढवून नाही. जसं चौकात मागून विचारायचा तसंच. मी दर वेळी सांगायचो, बाण. ज्या माणसानं एकतीस वर्षं समोरच्या गाडीचा आवाज ऐकला, त्याला समोरचा आणि बाजूचा कळत नाही का? तुला तेव्हाच कळलं होतं, पोतं फुटायच्या आधी. तू मला विचारत नव्हता. वाट पाहत होता.

मरायच्या दोन दिवस आधी तुझा श्वास लागला होता. छातीत पाणी. शब्द तुटत होते. मी पाणी पाजलं, तू अर्धं सांडलं. तू म्हणाला, थावऱ्या. मी म्हणालो, काय बे. तू म्हणाला, बाण होता का गोल.

मला सांगता आलं असतं. घरात कोणी नव्हतं. सांगितलं असतं तर माझं काय गेलं असतं, ते मी आता रोज शोधतो, सापडत नाही. मी म्हणालो, बाण होता. तू म्हणाला, बरं. आणि डोळे मिटले.

गोल होता, सुखदेव. हिरवा गोल होता. ऐकायला तू नाही आणि मी लिहून राह्यलो, ह्याला काही किंमत नाही हे मला कळते. मेल्यावर तू सुटला. मला मात्र रोज सकाळी उठून नाल्यापर्यंत यावं लागते, सवय झाली पायांना, आणि तिथून परत फिरावं लागते.

एवढं लिहून झालं आणि काल संध्याकाळी वही घेऊन मी तुझ्या घरी गेलो. सगळ्यांसमोर वाचायच्या आधी तिला सांगायला पाहिजे होतं. मला माहीत होतं, मी बोललो की तुझं नाव साफ होईल आणि तिचं आयुष्य नासेल. पाच महिने ती ज्याला बोलली त्याची चूक नव्हती, हे तिला मीच सांगणार होतो. गप्प राहिलो असतो तर ती कार्यक्रमात रडली असती आणि हळूहळू विसरली असती. मी हे सगळं दारात उभं राहून तोललं, वळायच्या आधी चौकात थांबायला तू शिकवलं तसं, आणि तरी आत गेलो.

तिनं वही वाचली. उभ्यानं वाचली. मला बस म्हणाली नाही. वाचून झाल्यावर वही मिटली. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तुम्ही मान हलवत होते," ती म्हणाली, "अन् बाबा तुमच्याकडं तोंड करून ऐकत होते."

"हो."

"त्या दिवशी त्यायनं खरं सांगतलं असतं तं मी तुमाले उंबऱ्याच्या आत येऊ देलं नसतं, काका. बाबाले माहीत होतं ते. पाच महिने त्यायच्यापाशी दुसरं कोण येत होतं?"

म्हणजे यासाठी. उपकार नव्हताच तो माझ्यावर. तुला कोणीतरी बसायला पाहिजे होतं पायाशी, आणि तुझ्याकडं तेवढा एकच माणूस उरला होता. तो मी निघालो. हे कळलं तेव्हा मी खाली बसलो, तिनं म्हटलं नव्हतं तरी.

मी म्हणालो, परवा नाही वाचत, फाडून टाकतो. ती म्हणाली, वाचाल. हेच वाचाल, एक शब्द कमी करायचा नाही. मग तिनं वही पुन्हा उघडली, पानं मागं-पुढं केली, आणि विचारलं, यात माहं पुरं कुठं हाये? तुम्ही चहा पिऊन गेल्यावर मी काय बोलली ते तुमाले माहीत नाई. पेन घ्या. मी नको म्हणालो, तुझं कशाला बाई, ते तुझं आणि त्याचं. तिनं ऐकलं नाही. माझ्यासमोर बसली आणि सांगायला लागली, मी सुट्या कागदावर लिहिलं. माझं लिहिणं हळू, म्हणून ती थांबत थांबत सांगत होती. हे शेवटी ठेवा काका, म्हणाली, अन् याच्यापुढं काही लिहू नका. ती बोलली तसंच इथं उतरवतो.

शेवटच्या हप्त्यात बाबांच्या पाठीले जखमा झाल्या होत्या. मी पोळ्या करून राह्यली होती. त्यायनं आवाज देला, बाई, जरा कूस बदलून दे. मी उठली नाई. मी म्हणलं, रस्त्यावर तं लई हुकूम सोडले, आता सोता बदला. मी सगळ्या पोळ्या केल्या. भांडे घासले. मंग गेली. ते तसेच होते, उशी भिजली होती. माह्या पायाचा आवाज ऐकून म्हणे, झाल्या का पोळ्या?